दाखवून परत नेलेली खडी

वन्सं, तुम्हाला मूठमाती देऊन आलो त्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं, आता मी देवळाची पायरी चढणार नाही. तुमचे भाऊ खाटेवर पडल्या पडल्या नुसते बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, दुःखात बोलतेय, चार दिवसांत उतरेल. कुठलं उतरतंय! आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या देवळासमोर घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा उपासनेसाठी ठणठणायला लागला की मी मुद्दाम भांडी घासायला काढायची, आणि तीही आपटून आपटून. आळीतल्या बाया म्हणायला लागल्या, दिनाबाई गेली आणि भावजय बिघडली. बिघडू द्या. नणंद गेल्यावर भावजय सुधारली असं म्हणाल्या असत्या तर ते जास्त लागलं असतं.

मग पाळकसाहेब आले सायकल दामटत. सलाम केला, खाटेशी बसून प्रार्थना केली आणि मला म्हणाले, "शालनबाई, हंगामाच्या सणाला दिनाबाईंविषयी दोन शब्द बोला. मंडळीला धीर मिळेल." मी म्हटलं, "साहेब, मंडळीला धीर देणारी गेली. आता ज्यानं त्यानं आपापला बघावा." ते खाली मान घालून म्हणाले, "त्या आता विसाव्याला गेल्यात." विसावा! आणि तुम्हाला! तुम्हाला रिकामं बसवलं तर तुम्ही तिथलं अंगण झाडायला घ्याल आणि ज्यांनी आधी नीट झाडलं नाही त्यांना फैलावर घ्याल. पण हे पाळकसाहेबांना कोण सांगणार. माणूस वाईट नाही. बिनदुधाचा चहा मुकाट प्यायले आणि गेले.

ते दोन शब्द मंडळीसमोर बोलायचे नाहीत, असं मी तेव्हाच ठरवलं. तुमच्याशीच बोलते. तुमच्याशी भांडायची जी सवय लागलीय ती काही मूठभर मातीनं जायची नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या आईनं कानात सांगितलं होतं, "घरात राहती नणंद आहे, विधवा आहे, जपून." मी नगरच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली, शुद्ध बोलणारी, दाताला कधी काळं न लावलेली. आणि पहिल्याच सकाळी तुम्ही चुलीमागं बसून दातांना मिश्री घासत होतात. मला बघून तुम्ही डबी पुढं केलीत. "लावतीस का? पाळकसाहेबाला सांगू नगं." मी नाही म्हटलं. तुम्ही ती डबी उठून फळीवर पवित्र शास्त्राच्या मागं सरकवलीत. मी डोळे वटारले तर म्हणालात, "तिथं कुनी हात घालीत न्हाई बघ." मी हसले. त्या दिवसापासून आईचा इशारा मी विसरले. ती डबी अजून तिथंच आहे. मी अजून हात लावलेला नाही.

तुमचे भाऊ विहिरीच्या कामावर दोर तुटून पडले, ते दुष्काळाच्या आधी. त्यानंतर कमरेखाली काही उरलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचलाय, पाय येणार नाहीत. आणि याला सारखं कुशीवर वळवत जा, नाहीतर पाठ सडेल. ते वळवणं आपल्या दोघींच्या वाट्याला आलं. तुम्ही खांद्याशी, मी कमरेशी. तुम्ही "हं" म्हटलं की मी उचलायचं. आपलं कितीही कडाक्याचं भांडण चाललेलं असो, मध्येच तुमचं "हं" यायचं, आपण त्यांना वळवायचो, पाठीला खोबरेल लावायचो आणि भांडण जिथं सोडलं तिथून पुन्हा धरायचो. हे म्हणायचे, "मला वळवा, पन भांडान थांबवू नगा, करमत न्हाई."

समाचाराला येणाऱ्या बाया काय काय बोलायच्या! देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा बघतो, वगैरे. मी आतल्या आत जळायची. तुम्ही एकदा शांतपणे घागर काढून एकीच्या पुढं ठेवलीत. "बाई, आमची परीक्षा बघाया आलीस, बरं झालं. तेवढी टाकीवरनं एक खेप घिऊन ये, मंग बस बघत." ती बाई पुन्हा आली नाही. पण आपल्या पंचांची, लाजारसबापूंची म्हातारी यायची, बोलायची काही नाही, गोधड्या नदीच्या डबक्यावर नेऊन धुऊन आणायची. तुम्ही म्हणायचात, "हिला खरं शास्त्र येतं. उगा वाचता येत न्हाई एवढंच."

मी रडायला लागले तर तुम्ही कधी 'रडू नको' म्हटलं नाहीत. म्हणायचात, "रड. तवर मी भाकरी थापते." आणि प्रार्थनेला बसलात की डोळे सताड उघडे. सगळी मंडळी डोळे मिटून, आणि दिनाबाई पत्र्याकडं टक लावून. पंचांनी एकदा हटकलंच. लाजारसबापू शिस्तीचे कडक. "दिना, प्रार्थनेत डोळे मिटावेत." तुम्ही म्हणालात, "बापू, मागनाऱ्यानं कशाला मिटायचे? देनाऱ्यानं मिटलेत तेवढं बास की." बापू हबकले. मंडळीतल्या पोरी तोंडाला पदर लावून खुसखुसल्या. मला मात्र त्यात कडवटपणाचा एक घोट लागला, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, यांच्याही पोटात आहे तर काहीतरी.

मग दुष्काळ. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं उगवलं. त्याचं वर्णन तुम्हाला काय करू, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. पाथर्डीच्या रस्त्याच्या कडेला, डोक्यावर फाटकं पोतं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, समोर दगड. सरकारी दुष्काळी काम. सकाळी यांना वळवून, पाणी पाजून, शेजारणीला सांगून आपण निघायचो. दुपारी एकीनं पळत येऊन शेजारणीला हाताशी घेऊन पुन्हा वळवायचं. आणि परत खडी. दुपारी मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. ती भाकरी हातात घेतली की भुगा व्हायची. तुम्ही तो भुगा ओंजळीत धरून उपकार मानायचात आणि मग तोंडात टाकायचात. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एकदा मी हातोडी आपटून विचारलं, "कुठं आहे तुमचा देव? बोला ना! कुठं आहे?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "हितंच आसंल कुठंतरी. तू खाली बघून घाव घाल, बोट जाईल."

हे काय उत्तर झालं, वन्सं? तेव्हाही मला राग आला होता, आत्ताही येतोय.

त्याच वर्षी हंगामाचा सण आला. आपल्यात तो किती मानाचा! पहिली कणसं, पहिला भोपळा, कोंबडी, अंडी, जे असेल ते मेजावर ठेवायचं, उपासना झाली की त्याचा लिलाव. आणि लिलावात कुणाची लाज जाऊ द्यायची नाही. गरिबाचं एक अंडं असलं तरी चौघांनी बोली चढवून त्याला मान द्यायचा. मेजावर ठेवलेली वस्तू ज्याची त्यानं परत घरी न्यायची नाही, ही जुनी रीत. त्या वर्षी पंच म्हणाले, "सन नगं. वावरात धसकट न्हाई. काय धूळ ठिवायची मेजावर?" सगळ्यांनी माना डोलवल्या. तुम्ही बायांच्या बाजूनं उभ्या राहिलात. "बापू, सन पिकाचा आसतो व्हय? मला वाटलं देवाचा आसतो." झालं. सण ठरला.

मेजावर पाळकीणबाईंनी पांढरीशुभ्र चादर घातली होती. तिच्यावर काय, तर कुणाच्या घरचा वाळका दुध्या, कुणी पेलाभर मिलो, आणि बापूंच्या म्हातारीचं एकुलतं एक अंडं. माणसं येत होती, एकमेकांच्या मेजावरच्या वस्तूंकडं न बघता बसत होती. आणि तुम्ही दारातून आलात. पेटीतलं ते एक बरं निळं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि घमेल्यात शिगोशीग खडी. तुम्ही सरळ पुढं गेलात आणि ते घमेलं त्या पांढऱ्या चादरीवर ठेवलंत. धप् असा आवाज झाला. धूळ उडाली ती त्या अंड्यावर बसली.

बापू तिरमिरत उठले. "आगं दिना, ही खडी सरकारची हाय! उद्या मुकादम चोरीचा आळ घिईल साऱ्या मंडळीवर!"

"घिऊ दे," तुम्ही म्हणालात. "माझ्या आंगठ्याचं नख गेलंय त्यात. तेवढी माझी. बाकीची सरकारची."

पाळकसाहेब बिचारे गोंधळले. "दिनाबाई, पण हे दान म्हणून... म्हणजे याचा लिलाव कसा करायचा?"

"लिलाव नगं. दान कवा म्हनले मी? दाखवाया आनलीय. यंदा हे पिकलं. त्याला दाखवते आन उद्या परत न्हिऊन टाकते ढिगावर."

आणि तुम्ही तिथंच उभ्या राहिलात, डोळे उघडे ठेवून, हात लुगड्याला पुसत. बायांमधून कुणीतरी हुंदका दिला, मग दुसरीनं दिला. तीन वर्षांत जी मंडळी 'देवाची इच्छा' म्हणून कोरड्या डोळ्यांनी बसत होती ती त्या दिवशी गाई हंबरतात तशी रडली. पाळकसाहेबांनी लिहून आणलेला उपदेश खिशात घातला. मी मात्र रडले नाही. मला वाटलं, उठून तुम्हाला मिठी मारावी, आणि त्याच वेळी वाटलं, उठून ते घमेलं मेजावरून खाली ओतावं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच ती खडी डोक्यावर घेऊन कामावर आलात आणि ढिगावर ओतलीत. मुकादमानं पाहिलं. "ए म्हातारे, कुठं न्हेली हुतीस?"

"देवाला दाखवाया."

"मग? काय म्हनला देव?"

"बघतो म्हनला."

मुकादम खो खो हसला. सगळी लाइन हसली. तहसीलदारही बघतोच म्हणायचा, इंजिनिअरही बघतोच म्हणायचा. तुम्हीही हसलात. पण मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, वन्सं, तुम्ही थट्टा करत नव्हतात.

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं जे संपलंच नाही. मी म्हणायची, "कबूल करा, तुम्ही तक्रार केलीत. उपकार मानायच्या दिवशी सगळ्यांदेखत देवाची तक्रार केलीत." तुम्ही नाही म्हणायचा नाहीत आणि हो पण म्हणायचा नाहीत. मी म्हणायची, "मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय? मीही तेच बोलते, तुम्ही मला खाली बघून घाव घालायला सांगता." एक दिवस तुम्ही हातोडी बाजूला ठेवलीत. म्हणालात, "शालन, तक्रार कुनाकडं करत्यात? ज्याच्याकडनं काई व्हईल आसं वाटतं त्याच्याकडंच ना? माझ्या सासऱ्यानं नवरा मेल्यावर मला नेसत्या लुगड्यानिशी काढलं. त्याच्याकडं कवा तक्रार केली का मी? एक शबुद न्हाई. तिथं काय मिळनारच नव्हतं. ह्याच्याकडं करते, कारन ह्याच्यावाचून माझं कुनी न्हाई."

मला पटलं नाही. म्हणजे, अर्धं पटलं, आणि अर्धं पटलं म्हणून जास्त राग आला. मी विचारलं, "आणि त्यानं ऐकलंच नाही तर?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तर..." म्हणालात. तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली, सगळ्या बाया घमेली घेऊन उठल्या. तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणालात, "सांगते मंग."

सांगितलं नाहीत, वन्सं. मी दोनतीनदा आठवण केली. एकदा तुम्ही शेण गोळा करत होतात, एकदा यांच्या पाठीला तेल लावत होतात. "सांगते गं, कुठं पळून चाल्ले का?" चाललात की! न सांगता चाललात.

या वर्षी पाऊस झाला. मी त्याची गाणी गाणार नाही. झाला, एवढंच. शेजाऱ्याचे बैल मागून तुम्ही बाजरी पेरलीत. पदराला बी बांधून पाभरीमागं तुम्हीच चाललात, कारण मी यांच्यापाशी होते. बाजरी निसवली, कणसं बाहेर डोकावली, आणि तुमचे डोळे पिवळे झाले. तुम्ही म्हणालात, "मिलो खाऊन खाऊन रंग चढलाय." हसण्यावारी नेलंत. कुणी कावीळ उतरवायला मुळी दिली, कुणी ताक सांगितलं. मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. हाक मारली तर ओळख दिलीत आणि पुन्हा ग्लानीत गेलात.

लाजारसबापूंनी स्वतः बैलगाडी जुंपली. शेवगावचा दवाखाना फार लांब नाही, पण मध्ये ओढा. आणि ओढा भरून वाहत होता, या काठापासून त्या काठापर्यंत. दुष्काळाच्या तिन्ही वर्षांत ज्याच्या तळात आपण वाटीवाटीनं झरा उपसला तो ओढा! ज्या पाण्यासाठी तुम्ही पत्र्याकडं बघत गुडघे झिजवलेत, तेच पाणी समोर आडवं आलं आणि तुमची वाट अडवून बसलं. ही कसली गंमत आहे? मी विचारते, ही कसली गंमत आहे? पाणी द्यायचं तर चार दिवस मागंपुढं दिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं! मी काठावर उभी राहून त्या पाण्याला शिव्या घातल्या. आईनं कधी ऐकल्या नसतील असल्या शिव्या. बापू बैलांची शिंगं धरून उभे, त्यांनी मला थांबवलं नाही.

तुम्हीच थांबवलंत. ताडपत्रीखालून आवाज आला, बारीक. "शालन, पान्याला शिव्या दिऊ नगं. लई हाका मारल्यात आपन त्याला."

मी गाडीत चढले. तुमचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मला एकच सुचलं, लाज सोडून विचारलं, "वन्सं, त्यानं ऐकलं नाही तर? सांगायचं राहिलंय तुमचं."

तुम्ही ओठ हलवलेत. मी कान नेला. तुम्ही भावाचंच विचारलंत, "याकूबला कुशीवर वळीवलं का?"

बस्स. एवढंच. पाणी उतरायला लागलं होतं तेव्हा तुम्ही गेलात. बापूंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि ती अर्ध्यातच सोडली. त्यांनी तुमचे डोळे मिटायला हात पुढं केला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "बापू, राहू द्या. बघू द्या त्यांना." घरी आल्यावर कुणीतरी मिटलेच, ते मला आवडलं नाही.

माती ओली होती. मूठमाती द्यायला घेतली तर ती हाताला चिकटून बसली, खाली पडेना. पाळकसाहेब म्हणत होते, धन्यानं आपल्या मजुराला घरी बोलावलं. मी मनात म्हटलं, पीक कापणीला आलं आणि पेरणारा मजूर काढून नेला, असला कुठला धनी? आमच्या गावात असा धनी असता तर त्याच्या वावरात दुसऱ्या वर्षी कुणी पाऊल टाकलं नसतं. आणि घरी येऊन मी तेच केलं, सांगून टाकलं, देऊळ बंद.

पण खाट कुठं बंद करणार? यांना वळवायला दोघं लागतात, वन्सं. तुम्ही हे मला बजावून गेलात की विचारून गेलात, मला अजून कळलेलं नाही. मी एकटीनं खांदा धरते तर कंबर तशीच राहते, कंबर धरते तर हे कण्हतात. शेजारीण येते, पण तिला तिचा संसार. पाठीला एक जखम झालीच. मी ती धुताना रडले तर हे म्हणाले, "रड. तवर भाकरी थापाया कुनी न्हाई, पन रड."

सणाच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "आक्कानं पेरलेली बाजरी हाय. पयली कनसं देवळात जायाला पायजेत."

मी म्हटलं, "एक दाणा देणार नाही. ज्यानं माणूस नेलं त्याला कणसं कशाला?"

यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "मंग नगं दिऊ. दाखवून आन. आक्कानं तरी खडी दिली व्हती का? दाखवून परत आनली. तुझं काय पिकलंय यंदा, ते दाखवून ये जा."

मी उठून चूल विझवली. पण रात्रभर ते शब्द माझ्या अंगात कुसळासारखे रुतत राहिले.

काल रुळाचा तुकडा वाजला तेव्हा मी भांडी काढली नाहीत. दाराशी तुमचं घमेलं पालथं पडलेलं असतं, ते उचललं. झटकलं नाही, त्याच्या तळाला अजून दगडाची पांढरी भुकटी चिकटलेली आहे. तुमचीच चुंबळ डोक्यावर ठेवली, वर रिकामं घमेलं, आणि निघाले. रस्त्यात बाया बघत होत्या. बघू देत.

मेज या वर्षी भरून वाहत होतं. बाजरीची कणसं, भोपळे, मुगाच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या कलकलाट करत होत्या. जागाच नव्हती. मी एका हातानं कणसं बाजूला सारली आणि घमेलं मध्ये ठेवलं. रिकाम्या घमेल्याचा आवाज भरल्यापेक्षा मोठा होतो हे मला माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी मान वर केली.

मी म्हटलं, "दान नाही. दाखवायला आणलंय. यंदा आमच्या घरी हे पिकलं."

दोन शब्द बोला म्हणाले होते ना? एवढेच बोलले. मला वाटलं होतं, बोलून मोकळी होईन, छाती हलकी होईल. काही हलकी झाली नाही. मी तिथंच उभी राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले, मी मिटले नाहीत. वर बघितलं. पत्रा. पत्र्याला खिळ्याचं एक भोक, त्यातून उजेड. तीन वर्षं तुम्ही हेच बघत होतात? मला काही दिसलं नाही, वन्सं, खरं सांगते. पण बोलावंसं वाटलं. 'ऐकतोस का' असं मनात आलं, आणि माझाच मला राग आला, कारण भिंतीला कुणी असं विचारत नाही. मी खाली बघितलं तर पुरुषांच्या बाजूला आणखी दोन डोळे उघडे. लाजारसबापू. टकाटका माझ्याकडं बघत होते, आणि दाढीवरून पाणी वाहत होतं.

लिलाव चालू असताना मी घमेलं उचललं. पाळकसाहेब पुढं झाले, तर बापूच म्हणाले, "न्हिऊ द्या तिला. तिची रीत हाय ती."

घरी आले. यांना वळवायची वेळ झाली होती. घमेलं दाराशी ठेवलं, पदर खोचला, आणि मागं पावलं वाजली. बापू. उंबऱ्यावर वहाणा काढल्या, फेटा खुंटीला अडकवला, रांजणाच्या पाण्यानं हात धुतले. न विचारता खाटेच्या डोक्याकडं गेले, जिथं तुम्ही उभ्या राहायचात, आणि यांच्या खांद्याखाली हात घातले.

"मी खांदा धरतो. तू कंबर धर. सांग कवा."

मी कमरेखाली हात घातले. हेच खाटेवरून म्हणाले, "हं म्हन की, शालन. आक्का हं म्हनायची."

मी "हं" म्हटलं. आम्ही उचललं.

बापू उद्याही येतो म्हणालेत. त्यांना कुणी पाठवलं, मी विचारलं नाही. आणि तुम्ही तिकडून हसून 'बघितलंस?' असं म्हणत असाल तर म्हणू नका. एका म्हाताऱ्यानं खांदा धरला म्हणून ओढ्याचा हिशेब मिटत नाही. तो मी सोडणार नाही. पण एवढं कबूल करते, की आता तो हिशेब मी भांडी आपटून मागणार नाही. पुढच्या सणाला पुन्हा घमेलं घेऊन जाईन, त्यात जे असेल ते. बघतो म्हणाला होता ना देव तुम्हाला?

मीही बघतेय, म्हणावं.